भिशीच्या दिवशी आलेली हुडहुडी

मे महिना, साताऱ्यातली दुपार, आणि मी दोन गोधड्या अंगावर घेऊन दात वाजवत पडलेले. बाहेर हॉलमध्ये भिशीच्या अकरा जणी माझ्याच घरची भेळ खात होत्या. चिंचेची चटणी मी सकाळीच करून ठेवली होती, तेव्हा अगदी धडधाकट होते. आदल्या दिवशी सकाळी 11 वाजता हाडांचं ते वार्षिक इंजेक्शन पहिल्यांदाच घेऊन आले होते.

त्याआधीचं थोडक्यात सांगते. त्या इंजेक्शनच्या दोन पावसाळे आधी मागच्या दाराच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरले आणि डावं मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्याने हाड मोडलं म्हणून डॉक्टरांनी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, करायला लावला. मणक्याचा टी-स्कोअर, म्हणजे त्या घनतेचा आकडा, आला उणे 3.1. उणे 2.5 किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झाली, म्हणतात; म्हणजे मी चांगलीच खाली होते. आधी आठवड्याची गोळी दिली. उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही, चहासुद्धा नाही. चहाशिवायचा तो अर्धा तासही मी काढला असता, पण छातीत अशी जळजळ सुटायची की तीन गोळ्यांतच हात टेकले. मग हे सलाईनमधून द्यायचं औषध निघालं, झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड. वर्षातून एकदा 5 मिलिग्रॅम, 100 मिलीची छोटी बाटली, वीस-पंचवीस मिनिटांत काम संपतं.

ते एवढ्यात संपतं हीच खरी गोची. इतक्या पटकन होणाऱ्या गोष्टीचं कुणाला काही वाटत नाही. नर्सबाईंना विचारलं, "उद्या घरी बायका यायच्यात, चालेल ना?" त्या सुई काढता काढता म्हणाल्या, "काही होत नाही काकू, थोडी कणकण वाटेल." कणकण! मी येताना राजवाड्यावरून फरसाण आणि शेव घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली आणि पाठीतून एक थंड शिरशिरी गेली. तासाभरात ताप 102.4. ताप मला नवा नाही. पण अंगदुखी वेगळीच होती. दुखणं स्नायूंत नाही, आत हाडात असल्यासारखं. कूस बदलायची तर आधी मनाची तयारी करावी लागे. बरगड्या, नडग्या, आणि ते जुनं मोडलेलं मनगट तर जणू काल मोडल्यासारखं ठणकत होतं. पायांवरची गोधडी जड लागायची म्हणून काढावी, तर हुडहुडी. परत घ्यावी, तर नडग्या दुखायच्या. पाणी प्यायला उठायचं म्हणून ह्यांनी खांद्याला धरलं, तर मी ओरडलेच. हॉलमधली भेळ क्षणभर थांबली असणार.

ह्यांनी घाबरून जिथे इंजेक्शन घेतलं तिथे फोन केला. पलीकडून उत्तर आलं, मलेरियाची टेस्ट करून घ्या. आदल्या दिवशी तिथेच औषध दिलंय, कागदोपत्री नोंद आहे, आणि हे उत्तर! मी नोकरीत बत्तीस वर्षं काउंटरवर काढली आहेत. समोरच्या माणसाचा कागद न बघता उत्तर दिलं असतं तर आमच्या साहेबांनी उभं केलं असतं.

संध्याकाळी आमचे नेहमीचे फॅमिली डॉक्टर येऊन गेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काल ते वर्षाचं इंजेक्शन झालं ना?" आणि खुर्ची ओढून बसले. हाड आपल्या शरीरात सारखं कुरतडलं जातं आणि सारखं भरलंही जातं. वय झालं की, विशेषतः पाळी गेल्यावर, कुरतडणं भरण्याच्या पुढे जातं. हे औषध कुरतडणाऱ्या पेशींचं काम थांबवतं. ते करताना शरीरातली रसायनं बनण्याची एक साखळी मध्येच अडते, अर्धवट बनलेला एक पदार्थ साठतो, आणि पहाऱ्यावरच्या काही पांढऱ्या पेशींना वाटतं की जंतू घुसले. जंतू नसतातच, पण ताप खरा असतो. माझ्या मनातली भीती तिथे अर्धी झाली. अंगदुखी तसूभर कमी झाली नाही, ते सोडा.

त्यांनी आणखी एक सांगितलं, ते मी वहीत लिहून ठेवलंय. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या इंजेक्शननंतर शंभरातल्या साधारण 32 बायकांना असा त्रास झाला, दुसऱ्या वर्षी 7 जणींना आणि तिसऱ्या वर्षी 3 जणींना. बहुतेकींचा त्रास तीन दिवसांत ओसरतो. हे मला आदल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर मी भिशी पुढे ढकलली असती, एवढंच माझं म्हणणं आहे.

त्यांच्या सांगण्याप्रमाणे 650ची डोलो सुरू केली आणि भरपूर पाणी, ताक, भाताची पेज. बुधवारी ताप 100 वर आला, गुरुवारी उतरला. मांड्यांचं दुखणं मात्र दहा दिवस रेंगाळलं. तेवढ्यात कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की ह्या औषधाने मांडीचं हाड मोडतं. परत डॉक्टर. ते म्हणाले, तसं क्वचित होतं, आणि बहुधा औषध वर्षानुवर्षं चालू असलेल्यांना. मांडीत किंवा जांघेत दुखणं सुरू झालं आणि थांबेना, तर सांगायचं, एक्स-रे काढू. पण इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवसापासून दोन्ही पाय दुखताहेत, ते ह्या तापाचंच शेपूट. डोळा लाल होऊन दुखला किंवा ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, तर मात्र थांबायचं नाही, लगेच फोन. मुंग्या म्हणजे रक्तातलं कॅल्शियम उतरल्याची खूण असू शकते.

त्यासाठीच आधीची तयारी असते, आणि ती माझी नीट झाली होती हे कबूल करते. माझं ड जीवनसत्त्व अगदीच कमी निघालं होतं, म्हणून आठ आठवडे, आठवड्याला एक, असं 60,000 युनिटचं सॅशे दुधातून घेतलं, मगच तारीख मिळाली. किडनी कशी चालते ते कळावं म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं, कारण किडनी फार कमी चालत असेल तर हे औषध देत नाहीत. आणि दाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं. उजवीकडची एक किडकी दाढ मी चार वर्षं लवंग लावून सांभाळत होते. ती काढायला लावली, हिरडी भरून येईपर्यंत थांबवलं. हे औषध घेतल्यावर दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही म्हणे. दाढ गेली त्याचं मला इंजेक्शनपेक्षा जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या वर्षी मी शहाणी झाले होते. शुक्रवार घेतला. आदल्या दिवसापासून पाणी, डॉक्टरांना विचारून सलाईनआधीच एक डोलो, पुढचे दोन दिवस ठरलेल्या वेळी आणखी. मऊभाताचे तांदूळ काढून ठेवले, थर्मामीटर उशाशी. मुलगा पुण्याहून खास रजा टाकून आला. आणि ताप आला 99.6. एक संध्याकाळ अंग जरा मोडून आलं, बस्स. मुलगा दोन दिवस कंदी पेढे खाऊन परत गेला. इतकी तयारी वाया गेली म्हणून मला थोडं ओशाळल्यासारखंच झालं. ह्यांनी थर्मामीटर तीनदा झटकून पाहिला.

यंदाचं तिसरं. ते झालं की परत डेक्सा करून काही वर्षं विश्रांती द्यायची का ते बघू, असं डॉक्टर म्हणालेत. भिशीतल्या एकीला आता हेच इंजेक्शन सांगितलंय, तिचं पहिलंच आहे. तिला मी माझी तापाची वही दिलीय, तारीख-वेळ-आकड्यांसकट. इंजेक्शन तिचं 12 तारखेला, माझं 20ला. भिशी 28ला ठेवली आहे, आणि भेळ यंदा विकतची.