आज काही झालं नाही, हेही लिहा

रूपविकारी तारे, म्हणजे ज्यांचा उजेड कमीजास्त होतो असे तारे, बघायला लागलेल्या प्रत्येकाला मी एक गोष्ट सांगते आणि ती सुरुवातीला कुणालाच पटत नाही, की ज्या रात्री काहीच बदल दिसला नाही त्या रात्रीची पण नोंद करायची. एखादा नोव्हा, म्हणजे एकाएकी भडकलेला तारा, सापडला की पहिला प्रश्न हाच येतो, की आदल्या रात्री तिथे काय होतं? कुणीतरी "नवव्या प्रतीपर्यंत काही दिसलं नाही" (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका लहान तितका तारा ठळक) एवढं जरी वेळेसकट लिहून ठेवलं असेल ना, तरी स्फोट कधी सुरू झाला ते बरंच नेमकं सांगता येतं.

आता उत्तर मुकुट तारकासमूहातला टी सीआरबी हा तारा घ्या. एरवी दहाव्या प्रतीचा, बायनॉक्युलरमधून जेमतेम दिसणारा, पण 1866 आणि 1946 ला भडकला तेव्हा दुसऱ्या प्रतीपर्यंत आला म्हणजे जवळजवळ ध्रुवताऱ्याएवढा! तिथे एक श्वेत बटू, म्हणजे विझत आलेल्या ताऱ्याचा लहानसा दाट गाभा, आणि एक तांबडा राक्षसी तारा साधारण 227 दिवसांत एकमेकांभोवती फिरतात, राक्षसी ताऱ्याचा हायड्रोजन बटूवर साचत राहतो आणि दाब, तापमान हद्दीबाहेर गेलं की तो सगळा थर एकदम पेटतो. बटू शाबूतच राहतो, परत साठवण चालू. चढतो काही तासांत आणि नुसत्या डोळ्यांना दिसतो जेमतेम आठवडाभर. लेस्ली पेल्टिअर नावाचे अमेरिकन हौशी निरीक्षक पंचवीसेक वर्षं या ताऱ्यावर नजर ठेवून होते आणि फेब्रुवारी 1946 मध्ये नेमक्या त्या रात्री सर्दी होतेयसं वाटलं म्हणून परत झोपले. मला ही गोष्ट वाचून दरवेळी वाईट वाटतं, पण त्यांची ती आधीची सगळी वर्षं वाया गेली असं मी मुळीच म्हणणार नाही, कारण स्फोटाआधी हा तारा कसा वागतो हे अशाच लोकांच्या नोंदींतून कळलं.

पद्धत सोपी आहे. ज्यांची प्रत माहीत आहे असे दोन तारे निवडायचे, एक आपल्या ताऱ्यापेक्षा थोडा ठळक, एक थोडा मंद, आणि आपला दोघांच्या मध्ये कुठे बसतो ते ठरवायचं. सुरुवातीला ययाती तारकासमूहातला अल्गोल घ्या, दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी 2.1 वरून 3.4 वर उतरतो. फक्त उतरायची वेळ आधी बघून ठेवू नका, कारण मग डोळ्यांना तो उतरलेलाच दिसतो, मनाचा हा खेळ फार चिवट आहे. आणि मिरा किंवा काक्षीसारखा तांबडा तारा असेल तर त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, बघत राहिलात की तो आहे त्यापेक्षा ठळक वाटायला लागतो, झटकन नजर टाकायची आणि बाजूला घ्यायची.

लघुग्रहांचं काम वेगळं वाटतं, पण सवय तीच. एकाच जागेचे थोड्या थोड्या वेळाने फोटो काढायचे, एकावर एक उघडझाप करून बघायचे, सगळे तारे जागच्या जागी आणि एकच ठिपका सरकलेला. इथे वेळ सेकंदापर्यंत बरोबर हवी, नाहीतर कक्षा काढायला ते मोजमाप कामाचं नाही. शिवाय लघुग्रह स्वतःही कमीजास्त तेजस्वी होतात, एरॉस लांबुळका आहे आणि 5 तास 16 मिनिटांत स्वतःभोवती फिरतो म्हणून त्याचा उजेड सारखा वरखाली होतो, आणि तो लांबुळका असल्याचा अंदाज 1901 च्या सुमारास या चढउतारावरूनच आला, यान तिथे जाण्याच्या कितीतरी आधी.

नोंदीत तारीख, वेळ, प्रत आणि कुठले तुलनेचे तारे वापरले एवढं हवंच, चंद्र किंवा ढग असतील तर तेही. एएव्हीएसओ ही रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची अमेरिकन संघटना 1911 पासून अशा नोंदी जमवतेय, कुणालाही पाठवता येतात. आणि तारा दिसलाच नाही तर जो सगळ्यात मंद तुलनेचा तारा दिसला त्याची प्रत लिहून "यापेक्षा मंद" असं भरायची तिथे वेगळी सोय आहे, ती वापरा.