इव्हाननंतरचं जायफळ
आज दिवसभर ग्रेनाडा या जायफळ पिकवणाऱ्या कॅरिबियन बेटदेशाचे जुने आकडे चाळले. 7 सप्टेंबर 2004 ला इव्हान चक्रीवादळ आलं. सुमारे 90 टक्के घरांची मोडतोड, नुकसान देशाच्या जीडीपीच्या जवळपास दुप्पट. छपरं वर्षा-दोन वर्षांत पुन्हा चढतात हो, जायफळाचं तसं नाही. मुळं उथळ, त्यामुळे झाड वाऱ्यात सरळ आडवं. बी लावलं तर फळ धरायला सहा-सात वर्षं, आणि फुलोरा येईपर्यंत नर की मादी कळत नाही. साधारण निम्मी नर निघतात. (आपल्याकडे कोकणात म्हणूनच कलमं लावतात.) तोवर शेतकऱ्याने खायचं काय?

2007 मध्ये कॅरिबियन देशांनी सामायिक विमा निधी काढला. त्यात पंचनामा नसतो. वाऱ्याचा वेग आणि वादळाचा मार्ग यांवरून नुकसानीचा अंदाज बांधून 14 दिवसांत पैसे देतात. पण देतात ते सरकारला, बागायतदाराला नव्हे.