लिनिया टी-जेट की अबार्थ पुंटो? जुनी इटालियन गाडी घेतानाचा माझा अनुभव

दोन्ही गाड्यांच्या बॉनेटखाली एकाच घराण्यातलं इंजिन आहे. १३६८ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, टर्बो. फियाटचं टी-जेट. लिनियात ते ११४ पीएस ताकद आणि २०७ न्यूटन-मीटर टॉर्क देतं, अबार्थ पुंटोत १४५ पीएस आणि २१२ न्यूटन-मीटर. म्हणजे टॉर्क जवळपास तेवढाच, फरक आहे तो वरच्या आरपीएमला. फोंड्याहून पणजीला रोज जायचं तर दोघींत फारसा फरक कळत नाही. साडेचार हजारांच्या पुढे काटा नेला की कळतो. लिनिया टी-जेट २०१० मध्ये आली, अबार्थ पुंटो ऑक्टोबर २०१५ मध्ये. दोन्ही रांजणगावच्या कारखान्यातल्या. २०१९ मध्ये या गाड्यांची भारतातली विक्री थांबली, त्यामुळे आता त्यांचा सौदा पीएस बघून करू नये असं माझं पक्कं मत आहे. काही दुखणी पाना लावला की निघतात, भाग कुठून ना कुठून मिळतो. काही निघतच नाहीत. मी शेवटपर्यंत हाच निकष धरला.

माझ्यासमोर दोन गाड्या होत्या. कांदोळीची २०११ ची लिनिया, पहिल्यापासून गोव्यातच, ७१,००० किलोमीटर, मागणी २ लाख ३० हजार. आणि पुण्याची २०१६ ची अबार्थ, ५८,००० किलोमीटर, मागणी ५ लाख ९० हजार.

गाड्या बघायच्या आधी सुट्या भागांची चौकशी केली. हे उलट क्रमाने करणारे पुष्कळ असतात, आणि तिथेच फसतात. टी-जेट इंजिन युरोपात अबार्थ ५००, अल्फा मिटो, फियाट ब्राव्हो अशा गाड्यांत बसलेलं आहे. त्यामुळे टायमिंग बेल्टचा किट, वॉटर पंप, इग्निशन कॉइल, टर्बोचा डायव्हर्टर व्हॉल्व्ह, अगदी अख्खा टर्बोसुद्धा बाहेरून मागवता येतो. कस्टम ड्युटी धरावी लागते, एवढंच. सस्पेन्शनचा बराच माल पुंटो आणि लिनियात एकमेकांना चालतो आणि पुण्यात मिळतो.

खरी अडचण बॉडीची. भारतातल्या पुंटो इव्होचा २०१४ नंतरचा चेहरा इथला वेगळा आहे, म्हणून अबार्थचा पुढचा बंपर आणि हेडलाइट युरोपात शोधून उपयोग नाही. लिनिया तुर्कस्तानातही बनायची, त्यामुळे तिचे फेंडर, दरवाजे तिकडे मिळतात. पण तिकडचे हेडलाइट घेऊ नका. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, तेव्हा लो बीमचा झोत उजवीकडे वर उचललेला असतो, म्हणजे आपल्याकडे थेट समोरच्याच्या डोळ्यांत.

गाडी बघायला जाताना दोन्ही मालकांना एकच विनंती केली होती: मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. गेल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर आणि मग एक्झॉस्टवर हात ठेवला. इंजिन थंड असेल तरच सुरुवातीचा धूर खरा. चालू करताक्षणी निळा धूर येऊन लगेच गेला तर व्हॉल्व्ह स्टेम सील. दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवून रेस दिल्यावर निळा आला तर टर्बोचं सील. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट. दोन्ही गाड्या यात उत्तीर्ण झाल्या. कूलंट मात्र बघण्यासारखा होता. फियाटचा मूळ कूलंट लाल असतो. अबार्थमध्ये लालच होता, लिनियाच्या टाकीत तपकिरी पाणी. कुणीतरी हिरवा कूलंट आणि नळाचं पाणी मिसळलेलं. म्हणजे रेडिएटर आणि हीटर कोअर दोन्हीवर संशय.

त्यानंतर लिफ्ट. गोव्यातली गाडी खालून बघितल्याशिवाय विकत घेऊ नये. कांदोळी, कोलवा, मिरामार अशी किनाऱ्यावर उभी राहिलेली तर मुळीच नाही. वरून लिनियाचा रंग सुरेख होता. रंगाची जाडी मोजणाऱ्या पेंट मीटरने छत ११० मायक्रॉन दाखवलं, तो कंपनीचा रंग. पण डावा मागचा दरवाजा आणि खालची सिल (दरवाज्यांखालचा पोकळ पत्र्याचा पट्टा) ३४० च्या वर. तिथे पुट्टी भरलेली. लिफ्टवर गाडी चढवल्यावर मेस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सिल ठोकत नेली. पुढे टणटण आवाज, मागच्या जॅकिंग पॉइंटपाशी आला आणि थप. बोटाने खरवडल्यावर अंडरकोटिंगचा तळहाताएवढा पापुद्रा सुटून खाली पडला. त्याच्या आतल्या बाजूला पत्र्याचे थर बाकरवडीसारखे एकावर एक. मेस्त्री म्हणाले, "ह्यो रंग गाडी विकायला मारलेला. आत पत्रो उरूंक ना."

पुढच्या सबफ्रेमच्या (इंजिन आणि सस्पेन्शन पेलणाऱ्या सांगाड्याच्या) जोडांवर गंज फुगलेला होता, मागच्या बाजूला जाणाऱ्या ब्रेक पाइपवर खवले, आणि एसी कंडेन्सरच्या खालच्या भागातल्या पाती बोट लावताच भुगा होत होत्या. डिकीत स्टेपनी उचलली तर खड्ड्यात बोटभर पाणी. टेललाइटचं गॅस्केट गळत असणार. पुरात सापडलेली गाडी नाही ना, याचीही खात्री केली. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढायचा. पाण्यात बुडालेल्या गाडीच्या पट्ट्यावर शेवटच्या हातभर भागात जांभ्या मातीची लालसर रेघ राहते, कितीही धुतला तरी. सीटच्या रुळांतही तीच माती सापडते. दोन्ही गाड्यांचे पट्टे स्वच्छ होते.

लिनियाचा आणखी एक दोष सापडला, पण तो मी तिच्याविरुद्ध धरला नाही. स्टार्टर मारताना इंजिन मंद फिरत होतं आणि डॅशबोर्डवर दोन-तीन दिवे उगाच लागत. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या ब्लॉकला लावून स्टार्टर मारायला सांगितलं. ०.२ व्होल्टच्या आसपास यायला हवं, आलं ०.९. अर्थिंगची जाड वायर गिअरबॉक्सपाशी पांढऱ्या-हिरव्या भुकटीने खाल्लेली. खाऱ्या हवेत पुंटो-लिनियाचा हा नेहमीचा आजार आहे, आणि अनेक जण याच्यापायी बॉडी कंट्रोल मॉड्यूल बदलून बसतात. नवी वायर, घासून स्वच्छ केलेली जागा, वर ग्रीस. अर्ध्या तासाचं काम.

अबार्थ लिफ्टवर चढवली तेव्हा खालचा पत्रा कोरडा. पण तिचा ग्राउंड क्लिअरन्स १५५ मिलीमीटर, आणि ते दिसत होतं: पुढच्या बंपरची खालची कड घासलेली, एक्झॉस्टच्या लवचीक जाळीच्या पाइपवर ओरखडे. आपल्या वाड्यांवरचे गतिरोधक पाहता हे पुढेही होत राहणार. सम्पवर, म्हणजे इंजिनच्या तळाच्या तेलाच्या भांड्यावर, चीर किंवा ओल नव्हती. टर्बोचा इनटेक पाइप काढून शाफ्ट दोन बोटांत धरून हलवला. आडवा किंचित हलतो, तो चालतो. आत-बाहेर अजिबात हलता कामा नये. हलला नाही. इंटरकूलरच्या पाइपात तेलाचा हलका थर होता, तोही चालतो. थेंब साचलेले असते तर नसतं चाललं.

चालवून बघायला दोन्ही गाड्या मोल्यावरून अनमोड घाटात नेल्या. सपाट रस्त्यावर टर्बो गाडी आपलं पोट दाखवत नाही. तिसरा गिअर, १८०० आरपीएम, ॲक्सिलरेटर पूर्ण खाली: ओढ एकसारखी चढत गेली पाहिजे. लिनियाची गेली, तिचं इंजिन खरोखर उत्तम होतं. अबार्थ तीन हजारांच्या वर आचके देऊ लागली. चौथ्या गिअरमध्ये २००० वरून पूर्ण दाबल्यावर आरपीएमचा काटा पळाला आणि गाडीचा वेग मागे राहिला. क्लच घसरतोय. लॅपटॉपवर मल्टीईसीयूस्कॅन लावलं; इंजिनच्या कॉम्प्युटरमधले, म्हणजे ईसीयूतले, आकडे वाचणारं सॉफ्टवेअर. आधी इंजिन बंद, इग्निशन चालू ठेवून बघितलं: प्रेशर सेन्सरने सुमारे १ बार दाखवायला हवं, तेवढं दाखवलं, म्हणजे सेन्सर ठीक. चढावर मात्र ईसीयूची मागणी २ बारची आणि प्रत्यक्षात जेमतेम १.७. कुठेतरी हवा गळतेय. मालकाला विचारल्यावर त्यांनी मोकळेपणाने सांगितलं, गाडी रीमॅप केलेली आहे, म्हणजे ताकद वाढवायला ईसीयूचं सॉफ्टवेअर बदललेलं. हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं. वाढवलेला टॉर्क पहिल्यांदा क्लच खातो आणि मग जुने रबरी पाइप.

घाटमाथ्यावर पाच मिनिटं आयडलवर ठेवून पंखा ऐकला. या गाड्यांच्या पंख्याला दोन वेग असतात. हळू वेगाचा रेझिस्टर जळला की पंखा उशिरा आणि एकदम जोरात लागतो, आणि ट्रॅफिकमध्ये एसी गरम हवा फेकतो. लिनियाचा जळलेला होता.

गावी परतल्यावर दोन याद्या समोर ठेवल्या. लिनियाचं इंजिन निरोगी, पण सिल, सबफ्रेम, ब्रेक पाइप खाल्लेले. सिल कापून नवा पत्रा वेल्ड करता येतो. पण पोकळीच्या आतून गंज पुढे सरकत राहतो आणि दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच. शिवाय २०११ ची गाडी, म्हणजे पंधरा वर्षं भरत आलेली. फॉर्म २५ भरून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवायची, शुल्क ५,००० रुपये आणि फिटनेस तपासणी. त्या तपासणीत हीच सिल आडवी येऊ शकते. अबार्थची यादी लांब होती, पण प्रत्येक ओळीसमोर एक भाग आणि एक पाना होता. मी अबार्थ घेतली. क्लच, टायमिंग बेल्ट, फाटलेला पाइप आणि टायर यांचा हिशेब मांडून सौदा ५ लाख २० हजारांवर आला. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर होती, रबर दगड झालेलं.

कागदपत्रांत क्रम चुकवू नका. आरसीवर बँकेचा बोजा अजून दिसत होता, कर्ज फिटलेलं असूनही. म्हणून आधी सगळी ई-चलनं भरून घेतली, मग बँकेच्या पत्रासह बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५, मग पुण्याच्या आरटीओकडून फॉर्म २८ ची एनओसी (ना-हरकत दाखला). मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. मोठी रक्कम एनओसी हातात आल्यावरच दिली. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर गोव्याचा नंबर घ्यावाच लागतो: फॉर्म २७, गाडीच्या वयानुसार रोड टॅक्स, चॅसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा आणि प्रत्यक्ष तपासणी. मग फोंड्याचा जीए-०५ नंबर. विम्याची पॉलिसी चौदा दिवसांत नावावर करावी लागते आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. हप्ता धरताना हे विसरू नये.

दुरुस्तीत सगळ्यात महत्त्वाचं काम टायमिंग बेल्टचं. गाडी फार चाललेली नव्हती, पण बेल्ट वयानेही मरतो आणि या इंजिनात तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्रच बदलायचे, कारण पंप त्याच बेल्टवर फिरतो. कॅमशाफ्ट जागेवर धरून ठेवणारी लॉकिंगची हत्यारं गॅरेजमध्ये आहेत का, हे आधी विचारा. जुन्या बेल्टवर खडूने खुणा करून नवा चढवणाऱ्याकडे गाडी देऊ नका. एका दाताने चुकलं तरी इंजिन चालू होतं, पण कमी आरपीएमला ओढ राहत नाही आणि दोष महिनोन्‌महिने सापडत नाही.

क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवलाच होता, तेव्हा क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सीलही बदललं. सीलची किंमत किरकोळ, मजुरी तीच. फाटलेला पाइप इंटरकूलरकडून थ्रॉटलकडे येणारा निघाला; क्लॅम्पच्या खालीच चीर होती, दाब आल्याशिवाय उघडायची नाही, म्हणून नुसत्या डोळ्यांना दिसली नव्हती. धूर सोडून चाचणी केल्यावर सापडली. रीमॅप काढून मूळ मॅप परत टाकला. मूळ फाइलची प्रत आधीच्या मालकाने जपून ठेवली होती, हे नशीब. स्पार्क प्लग नवे. इंजिन ऑइल फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-४०, फिल्टरसकट सुमारे तीन लिटर. एवढ्याच तेलावर टर्बोही जगतो, म्हणून दर हजार किलोमीटरला डिपस्टिक बघते. मागच्या ब्रेकचे पॅड बदलताना कॅलिपरचा पिस्टन दाबत दाबत फिरवून आत न्यावा लागतो. नुसता सी-क्लॅम्पने दाबला की हँडब्रेकची आतली यंत्रणा मोडते.

पावसाळ्याआधी सिलच्या भोकांतून आणि दरवाज्यांच्या तळातून गंज रोखणारं कॅव्हिटी वॅक्स मारून घेतलं, अर्थिंगची वायर काढून घासून ग्रीस लावून पुन्हा बसवली. आणि हेडलाइट. अपघातात मागून चेपलेल्या एका पुंटो इव्होची जोडी पुण्याच्या भंगार बाजारातून उचलून आणली, कारण ही वस्तू उद्या मिळेल याची खात्री नाही. उजव्या दिव्याचा वरचा कान तुटलेला आहे. तो प्लास्टिक वेल्डिंगने जोडायला म्हापशाला दिलाय.