रकाना नसलेला पत्रा

तीन तासांच्या मोजणीसाठी मी बेचाळीस दिवस थांबलो. आधी तेवीस, मग पुन्हा एकोणीस. डिझाइनमध्ये काही चूक नव्हती. चूक होती ती एका फॉर्ममध्ये, आणि तो फॉर्म आठवला की आजही माझं डोकं फिरतं. अँटेनाचं काम नव्याने करणाऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून लिहितोय, पण खरं सांगायचं तर राग काढायलाच बसलोय.

काम असं होतं. भोसरीतली आमची छोटी कंपनी, आणि गिऱ्हाईक बसची बॉडी बांधणारं. 1 जानेवारी 2019 पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना एआयएस-140 या सरकारी मानकाचं ट्रॅकिंग यंत्र आणि इमर्जन्सी बटण लागतं. त्या यंत्राचा मोबाइल अँटेना टपावर. आधी ते माशाच्या पंखासारखा उभा अँटेना लावायचे. तो डेपोत धुताना ब्रशने मोडायचा, नाहीतर गावच्या रस्त्याला बाभळीच्या फांदीने. म्हणून त्यांना 25 मिलिमीटरपेक्षा उंच नसलेली चपटी डबी हवी होती. तिच्यात मोबाइलचे दोन बँड, 824 ते 960 आणि 1710 ते 2690 मेगाहर्ट्झ, शिवाय बाजूला जीपीएसचा छोटा चौकोनी सिरॅमिक अँटेना.

यात अडचण काय, ते एका आकड्यात सांगतो. 824 मेगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण 364 मिलिमीटर, म्हणजे पाव तरंगाची उभी दांडी 91 मिलिमीटरची. आम्हाला मिळाले 25. उंची निम्मी केली की रेडिएशन रेझिस्टन्स, म्हणजे रोधाचा जो भाग लहरी बाहेर फेकण्याच्या कामी येतो तो, चौथाईवर येतो; बँडविड्थ, म्हणजे अँटेना नीट चालतो तो पट्टाही आखडतो. व्हीलर या इंजिनिअरने 1947 मध्ये आणि चू या संशोधकाने 1948 मध्ये लहान अँटेनाची ही मर्यादा मांडून ठेवली आहे, तिच्याशी घासाघीस चालत नाही. मार्ग एकच, दांडी आडवी पाडायची. वर टोपीसारखा पसरट पत्रा दिला की प्रवाह वरपर्यंत टिकतो, आणि आदर्श परिस्थितीत तोच रेझिस्टन्स चौपट होतो. आम्ही उलट्या एफच्या आकाराचा घेतला. लांब फांदी खालच्या बँडला, आखूड फांदी वरच्या बँडला, आणि फीडच्या, म्हणजे केबल जोडतात त्या टोकाच्या, शेजारी खालच्या धातूला टेकणारी पिन. सिम्युलेशन, फांद्यांची छाटणी, मॅचिंग, पहिला नमुना हे सगळं दीड महिन्यात झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

एक मात्र सांगून ठेवतो, नाहीतर विसरेन. ट्यूनिंग झाकणाशिवाय करू नका. एबीएस प्लास्टिकचं झाकण बसलं की रेझोनन्स, म्हणजे अँटेना ज्या कंप्रतेला नीट लागतो ती, खाली सरकतो, आमचा अठरा मेगाहर्ट्झ सरकला होता. आणि झाकणाच्या काळ्या रंगात कार्बन किती आहे ते मोल्डिंगवाल्याला आधीच विचारा, जास्त असला की तो सिग्नल खातो.

आता पत्रा. हा अँटेना एकटा काहीच नाही. वर दिसते ती अर्धी बाजू. उरलेली अर्धी म्हणजे खालचा धातू, बसचं टप. प्रवाह तिथेही तितकाच वाहतो. म्हणून असे अँटेना मोठ्या गोल पत्र्यावर बसवून मोजायचे असतात. भोसरीतल्याच एका काकांकडून मी 1 मीटर व्यासाचा, 2 मिलिमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा गोल कापून घेतला. काका म्हणाले, "साहेब, एवढं मोठं ताट कशाला? जावयाचं केळवण आहे का?" वजन सव्वाचार किलो, कडा किंचित झुकलेल्या. मधे केबलच्या फाक्रा कनेक्टरसाठी भोक.

कार्यक्षमता, म्हणजे दिलेल्या पॉवरपैकी किती लहरी होऊन बाहेर पडते ते, मोजायला लहरी शोषणाऱ्या भिंतींची बंद खोली, चेंबर, लागतो आणि तो आमच्याकडे नाही. शहराबाहेरच्या एका लॅबची तारीख मिळाली, तेवीस दिवसांनंतरची. सोबत फॉर्म आला. चार पानं. कंपनीचं नाव, जीएसटी क्रमांक, नमुन्याचं नाव, सिरीयल नंबर, वजन, लांबी-रुंदी-उंची, कनेक्टरचा प्रकार, इनपुट पॉवर, बॅटरी आहे का, द्रव आहे का, ज्वलनशील आहे का. शेवटच्या पानावर पुन्हा जीएसटी क्रमांक. अँटेना कशावर बसवून मोजायचा, याला रकाना नाही. अँटेनाच्या लॅबचा फॉर्म, बरं का.

मी 'रिमार्क्स'मध्ये स्वच्छ अक्षरात लिहिलं: सोबत दिलेल्या 1 मीटर पत्र्यावर बसवूनच मोजणे. खाली रेघ मारली. डबी आणि पत्रा दोन्ही टेंपोतून पाठवले. मी स्वतः गेलो नाही, कारण त्या दिवशी दुसऱ्या गिऱ्हाइकाचं ऑडिट होतं. ही माझी चूक, ती मान्य.

नऊ दिवसांनी रिपोर्ट आला. 850 मेगाहर्ट्झला कार्यक्षमता 14 टक्के. डोळे चोळून पुन्हा बघितलं, 14 च. सिम्युलेशनमध्ये 58 होती. साहेबांनी रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवला आणि काही बोललेच नाहीत, ते जास्त लागलं. दोन रात्री मी सोल्डर, मॅचिंगचे कपॅसिटर, पिनची जाडी सगळं तपासत बसलो. दोष सापडेना. तिसऱ्या दिवशी रिपोर्टच्या सातव्या पानावरचा फोटो मोठा करून बघितला. पांढऱ्या थर्माकोलच्या ठोकळ्यावर आमची डबी एकटीच बसलेली, खालून केबल लोंबतेय. पत्रा कुठेही नाही.

लॅबला फोन केला. पलीकडे एक तरुण इंजिनिअर, बोलायला अगदी नम्र. म्हणाला, "सर, रिमार्क्स जॉबकार्डवर, म्हणजे मोजणाऱ्याच्या हातातल्या कागदावर, येत नाहीत. ते फक्त फाइलला राहतात."

"मग पत्रा कुठे आहे आमचा?"

"सर, तो गेटवर आहे. गेट पासवर एकच नमुना होता ना, आणि वस्तू दोन आल्या. म्हणून सिक्युरिटीने आत सोडला नाही."

म्हणजे माझा अर्धा अँटेना इतके दिवस वॉचमनच्या केबिनमागे भिंतीला टेकून उभा होता. उरलेल्या अर्ध्याची कार्यक्षमता मोजून, सही-शिक्क्यानिशी, मला बिलासकट पाठवली होती. पुन्हा मोजून द्याल का विचारलं, तर "नवीन फॉर्म भरा सर, पहिली मोकळी तारीख एकोणीस दिवसांनी आहे." त्यांची चूक असताना रांगेत शेवटी मी! भांडलो. काही उपयोग झाला नाही. फॉर्ममध्ये सांगितलं तसं त्यांनी केलं होतं, आणि फॉर्म त्यांचा होता.

ज्याला पत्र्याचं महत्त्व अजून पटत नसेल त्याने टेबलावर एक प्रयोग करून बघावा. डबी हातभर केबलने व्हीएनएला जोडा, म्हणजे अँटेनाकडून किती सिग्नल परत येतो त्याचा आलेख दाखवणाऱ्या यंत्राला, पत्रा न लावता. आलेख स्थिर झाला की केबल मुठीत धरा आणि मूठ हळूहळू मागे सरकवा. आलेखातली दरी, म्हणजे अँटेना लागतो ती जागा, इकडून तिकडे नाचायला लागेल. खाली धातू नसला की परतीचा प्रवाह केबलच्या बाहेरच्या जाळीवरून धावतो, आणि मग केबलच अँटेना होते. तुम्ही काय मोजताय ते तुम्हालाच कळत नाही. आता डबी पत्र्यावर बसवा आणि तीच केबल धरा. दरी जवळपास जागची हलत नाही. केबलवर फेराइटचे मणी, म्हणजे बाहेरचा प्रवाह अडवणारी चुंबकीय कडी, चढवले की उरलासुरला नाचही थांबतो. लॅबमध्ये जाताना असे चार-पाच मणी खिशात ठेवावेत, त्यांच्याकडचे कुणीतरी नेलेले असतात.

ते एकोणीस दिवस मी हात बांधून बसलो नाही. व्हीलरचीच दुसरी एक युक्ती आहे: अँटेनावर धातूची टोपी ठेवायची, म्हणजे रेडिएशन बंद होतं आणि मागे उरतो तो निव्वळ तोट्याचा रेझिस्टन्स. टोपी म्हणून मी घरून अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं नेलं. आईला सांगितलं नव्हतं. पहिलं पातेलं 40 सेंटिमीटरचं, भाताचं. त्याचे आकडे वेडेवाकडे आले, कारण एवढ्या मोठ्या पातेल्याचा स्वतःचाच रेझोनन्स पावणेसहाशे मेगाहर्ट्झच्या आसपास सुरू होतो. मग 20 सेंटिमीटरचं आमटीचं नेलं. त्याचा रेझोनन्स रिकामं असताना साडेअकराशेच्या आसपास, म्हणजे 850 ला अडथळा नाही. काठ पत्र्याला सगळीकडून टेकायला हवा, म्हणून तांब्याची चिकटपट्टी लावली. उघड्यावर 48 ओहम, पातेल्याखाली 21. म्हणजे 27 ओहम रेडिएशनचे, 56 टक्के. पद्धत ढोबळ आहे, वरच्या बँडला तर या पातेल्याने चालणारही नाही. पण त्या संध्याकाळी मला शांत झोप लागली. डिझाइन बरोबर होतं.

पातेल्याच्या काठाला अजून चिकटपट्टीचा डिंक आहे. आई विचारते, मी विषय बदलतो.

दुसऱ्या वेळी फॉर्म भरताना अक्कल आली होती. जॉबकार्डवर काय काय येतं, हे त्या पोराला फोनवर आधी विचारून घेतलं. नमुन्याचं नाव येतं, वजन येतं, माप येतं. बस्स. मग नमुन्याच्या नावातच लिहिलं: 'अँटेना, 1 मीटर पत्र्यासह, एकच नग'. वजन सव्वाचार किलो. लांबी 1000, रुंदी 1000, उंची 27 मिलिमीटर. डबी पत्र्याला चार स्क्रूने कायमची पक्की केली, म्हणजे गेटवरही एकच वस्तू. आणि या वेळी टेंपोत ड्रायव्हरशेजारी मी बसलो. गेटवर वॉचमनने पत्र्याकडे बघून ओळखीचं हसून मान हलवली.

850 ला 52 टक्के. 1800 ला 71, 2300 ला 66. ते ऐकून मी त्या पोराला कँटीनमध्ये चहा पाजला, राग विसरून. त्याने हळूच सांगितलं की पत्रा नसल्याचं त्याच्या तेव्हाही लक्षात आलं होतं. पण जॉबकार्डमध्ये नव्हता, म्हणून लावला नाही.

गिऱ्हाइकाकडे मग तोच प्रकार दुसऱ्या रूपात निघाला. त्यांनी पहिल्या बसवर अँटेना लावला तो टपाच्या पुढच्या कपाळपट्टीवर, आणि ती फायबरची निघाली. वरून एकाच रंगाची बस, लोखंड कुठे संपतं आणि फायबर कुठे सुरू होतं ते डोळ्याला कळत नाही. मी चुंबक घेऊन शिडीवर चढलो, चुंबक चिकटेचना. फायबरच्या आतल्या अंगाने 30 सेंटिमीटर चौरस पत्रा चिकटवून घेतला आणि डबीचा तळ त्याला नीट जोडला. त्याच जागी उभ्या बसमध्ये सिग्नल -104 वरून -98 डीबीएमवर आला (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल तगडा). केबलही पाच मीटरवरून दोनवर आणायला लावली. त्या बारीक केबलमध्ये 900 मेगाहर्ट्झला मीटरमागे जवळपास एक डेसिबल जातो. एवढं झगडून कमावलेलं केबलमध्ये सांडायचं कशाला? बसवर जाताना चुंबक न्यायचा, हे खरं तर वर कुठेतरी लिहायला हवं होतं.

मागच्या महिन्यात दुसऱ्या एका डबीसाठी त्याच लॅबचा फॉर्म पुन्हा भरला. फॉर्मची नवी आवृत्ती आली आहे, पाच पानांची. पत्र्याला रकाना अजून नाही. जीएसटी क्रमांक आता तीन ठिकाणी विचारतात.