आमची वाटचाल: लॉकच्या आधीची ती अट

आमची पेढी तिघांची. काम एकच. सर्व्हर आणि त्याच्यावरचा बीएमसी (यंत्रावर लक्ष ठेवणारी वेगळी चिप) यांचं बोलणं ज्या लिनक्स ड्रायव्हरमधून चालतं, त्यात कुणी बदल केला की तो वाचायचा, चालवून बघायचा आणि लेखी मत द्यायचं. कोड लिहून द्यायचं काम आम्ही घेत नाही. नुसत्या वाचण्यावर पेढी चालते का, असं सुरुवातीला बऱ्याच जणांनी विचारलं. चालते.

सुरुवातीला आम्ही दोघंच होतो. मी होस्टच्या, म्हणजे मुख्य सर्व्हरच्या, बाजूचा आणि माझा भागीदार बीएमसीच्या बाजूचा. त्याने आधीच्या नोकरीत एएसटी२४०० या बीएमसी चिपवर फर्मवेअर लिहिलं होतं, त्यामुळे केसीएसचं (दोघांमध्ये एकेक बाइट नेणारी वाट) पलीकडचं टोक त्याच्या हातातलं. मी विचारायचो, "आयबीएफ अजून खाली का येत नाही रे?" (आयबीएफ म्हणजे पाठवलेला बाइट पलीकडे अजून उचललेला नाही हे दाखवणारा बिट.) तो सांगायचा, "पलीकडे आत्ता फ्लॅश पुसणं चाललंय, तुझ्या बाइटकडे कोण बघणार?" नदीच्या दोन्ही काठांवरची माणसं एका टेबलाशी बसली, तिथेच आमची निम्मी कमाई झाली. होस्टचा ड्रायव्हर वाचणारे पुष्कळ असतात, पण पलीकडचा त्या क्षणी काय करत असेल हे सांगणारा क्वचित भेटतो.

पहिलं काम किपमी थ्रेडचं, म्हणजे बीएमसीचं उत्तर आलं का हे बघत राहणाऱ्या कर्नलमधल्या थ्रेडचं होतं. ग्राहकाच्या यंत्रांवर तो थ्रेड अख्खा कोर खात होता. केसीएसला इंटरप्टची लाइनच नव्हती, म्हणून ड्रायव्हर सारखा स्टेटस रजिस्टरमध्ये डोकावत बसायचा. त्यांच्या इंजिनियरने त्या लूपमध्ये प्रत्येक फेरीला झोप घातली. कोर मोकळा झाला, पण बीएमसीचं फर्मवेअर अपडेट संपेना, कारण आता बाइटमागे एक झोप होत होती. किती मायक्रोसेकंद धावायचं आणि मग थांबायचं, याचं पॅरामीटर कर्नलमध्ये आधीपासूनच आहे. पॅच (कोडमधला बदल) नको, पॅरामीटर लावा, असं आम्ही अर्ध्या पानात लिहून दिलं. पुढची काही वर्षं बरी गेली.

आमच्या बोर्डाबद्दल मात्र सविस्तर सांगायलाच हवं. पहिल्याच वर्षी घेतलेला तो जुना सर्व्हर बोर्ड आजही टेबलावर आहे, आम्ही त्याला आजोबा म्हणतो. त्याचा बीएमसी संथ आहे, लॉग पुसायला घेतला की तीन-तीन सेकंद उत्तर देत नाही. नव्या बोर्डांवर जे पॅच बिनबोभाट चालतात, ते आजोबांवर उघडे पडतात. एकदा एकाने केसीएसची पाच सेकंदांची वाट "फारच लांब" म्हणून एका सेकंदावर आणली होती. त्यांच्या चाचण्या सगळ्या हिरव्या. आजोबांवर पहिल्याच तासात ड्रायव्हरचं स्टेट मशीन (बोलण्याचा टप्पा सांभाळणारा भाग) एरर अवस्थेत जाऊन पडलं. क्यूईएमयू या आभासी यंत्रातला नकली बीएमसी आम्ही रोज वापरतो आणि तो फार उपयोगी आहे, पण तो नेहमी वेळेवर उत्तर देतो. खरा देत नाही. एसएसआयएफसाठी, म्हणजे दोन तारांवरून बोलण्याच्या दुसऱ्या वाटेसाठी, दुसरा बोर्ड आहे, त्याच्या एसडीए आणि एससीएलच्या तारांवर लॉजिक अ‍ॅनलायझर कायम लावलेला असतो. बत्तीस बाइटच्या पुढचा संदेश तुकड्यांत जातो, आणि मधला तुकडा हरवला तर ड्रायव्हर काय करतो हे तारेवरच दिसतं.

आता ते प्रकरण. त्या वेळी आमची दोन-तृतीयांश बिलं एकाच मोठ्या ग्राहकाची होती. त्यांनी आयपीएमआय (सर्व्हर आणि बीएमसी यांच्या बोलण्याचं मानक) मेसेज हँडलरमध्ये बदल करणारा अकरा पॅचांचा संच पाठवला. सातव्या पॅचमध्ये संदेश पाठवण्याच्या वाटेवरचं लॉकिंग (एका वेळी एकालाच आत सोडणारी कुलपं) बदललं होतं. दुसरी आवृत्ती आम्ही चार दिवस वाचली, दोन ठिकाणी सुधारणा सांगितल्या, आणि त्या केल्यास आमचं रिव्ह्यूड-बाय (पॅच तपासणाऱ्याच्या नावाची ओळ) लावा असं लिहिलं. तिसरी आणि चौथी आवृत्ती आमच्याकडे आलीच नाही. घाई होती म्हणून ती दुसऱ्या एका मोठ्या फर्मकडे गेली. ती फर्म एका दिवसात अहवाल देते: चेकपॅच चालवायचं, स्पार्स चालवायचं, रंगीत तक्ता जोडायचा. ही दोन्ही साधनं आम्हीही चालवतो. पण ती कोड चाळतात, पॅनिकच्या क्षणी, म्हणजे कर्नल कोलमडताना, यंत्रात काय होतं हे त्यांना कळत नाही.

चौथ्या आवृत्तीत कुणीतरी साफसफाई केली होती. लॉक घेण्याआधी एक अट असते: रन-टू-कम्प्लिशन (पॅनिकमध्ये कुणासाठी न थांबता संदेश पुरा करण्याची पद्धत) चालू असेल तर लॉक घेऊ नका. कर्नल पॅनिक झाला की बाकीचे कोर जागच्या जागी थांबवले जातात. त्यांतल्या एकाच्या हातात तेच लॉक असेल तर ते आता कधीच सुटणार नाही. म्हणून पॅनिकच्या वाटेवर लॉकला हात लावायचा नाही, बीएमसीला स्वतः पोल करत संदेश पोचवायचा. साफसफाईत ती अट गेली. कोड सुटसुटीत दिसायला लागला.

त्यांच्या यंत्रांवर देखरेखीचं साधन सेन्सर सतत वाचत असायचं, त्यामुळे ते लॉक कुणा ना कुणाच्या हातात असण्याची शक्यता मोठी होती. केडंप (पॅनिकच्या वेळी मेमरी जपून ठेवणारी सोय) लावलेला नव्हता, बीएमसीचा वॉचडॉगही (गोठलेलं यंत्र रीसेट करणारा टायमर) बंद. पॅनिकचा मजकूर अकरा-अकरा बाइटच्या तुकड्यांनी एसईएलमध्ये (बीएमसीच्या नोंदवहीत) उतरेल आणि यंत्र आपोआप रीबूट होईल, यावर सगळी भिस्त. पुढे वेगळ्याच एका बगमुळे यंत्रं पॅनिक व्हायला लागली, तेव्हा त्यांतली काही तशीच गोठून राहिली. एसईएल कोरा, रीबूट नाही. माणूस जाऊन बटण दाबेपर्यंत बंद.

आणि कमिटखाली (कोडमध्ये नोंदलेल्या बदलाखाली) नाव आमचं. दुसऱ्या आवृत्तीवरचं रिव्ह्यूड-बाय चौथ्या आवृत्तीवर तसंच उचलून चिकटवलं होतं. पॅच मोठा बदलला तर जुने टॅग काढून पुन्हा विचारायचं, ही या धंद्यातली रीत नवखाही जाणतो. त्यांच्या बैठकीत मी रेंज-डिफ (दोन आवृत्त्यांमधला फरक) पडद्यावर दाखवला: इथे अट होती, इथे नाही, आणि ही आवृत्ती आम्हाला पाठवल्याचा एकही मेल नाही. कुणी काही बोललं नाही. आठवड्याने काम बंद केल्याचं पत्र आलं आणि आधीची बिलं अडकली. पुढचं सगळं काम त्या एका दिवसात अहवाल देणाऱ्या फर्मला गेलं. ज्यांनी चौथी आवृत्ती पास केली, त्यांना! मला त्याचा आजही राग येतो, आणि तो येऊ नये असं मला वाटतही नाही.

ते वर्ष कसं काढलं ते आम्हालाच माहीत. भागीदाराने दुसरीकडे अर्धवेळ काम धरलं आणि संध्याकाळी तो आजोबांसमोर येऊन बसायचा. पगार त्याने मागितला नाही. तेव्हा नुकतीच लागलेली आमची तिसरी सहकारी म्हणाली, "मी थांबते, पण यापुढे प्रत्येक मतावर आवृत्ती आणि पॅचचा हॅश, म्हणजे त्याचा ओळखक्रमांक, लिहायचा." तेव्हापासून आमच्या मताची पहिली ओळ तीच असते: अमुक हॅशचा पॅच आम्ही वाचला, याहून वेगळ्या पॅचला हे मत लागू नाही.

तरलो ते आमच्या एका ग्राहक मॅडममुळे. त्यांची कंपनी स्टोरेजचे सर्व्हर जोडते. पहिल्या वर्षापासून तीन ओळींचा पॅचसुद्धा त्या आमच्याकडे पाठवतात. प्रकरण कानावर गेल्यावर त्यांचा फोन आला. "ती चौथी आवृत्ती मी वाचली. तुम्ही ती पास केली असती असं मला वाटत नाही. वर्षभराचं काम आगाऊ बिल करा." एवढंच बोलल्या. प्रत्येक बैठकीत त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "बीएमसी कोल्ड रीसेट करून पाहिलंत का?" कोल्ड रीसेटने बीएमसी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. संदेश अर्धा गेलेला असताना तो असा उठून गेला, की स्टेटस रजिस्टरमध्ये सगळे बिट एक दिसू शकतात, आणि भाबडा ड्रायव्हर त्यालाच उत्तर समजतो. या एका प्रश्नाने किती पॅच परत गेले, ते मोजलेलं नाही.

या कामात नव्याने येणाऱ्यांना सांगतो. पॅच हातात आला की आधी चुकीच्या वाटा वाचा, म्हणजे टाइमआउट, मॉड्यूल उतरवणं, मधेच बंद झालेली फाइल. संदेशाचे संदर्भ (त्याच्या मेमरीवर धरलेले हक्क) कागदावर मोजा, किती घेतले आणि किती सोडले. बीएमसीचं उत्तर बाहेरून आलेला डेटा आहे, लांबी तपासल्याशिवाय कम्प्लिशन कोडच्या (काम झालं की नाही हे सांगणाऱ्या) बाइटला हात लावू नका. आणि "वर्तनात बदल नाही" असं कमिटमध्ये लिहिलेलं दिसलं, तर तो पॅच दुप्पट वेळ वाचा. त्या सातव्या पॅचमध्ये हेच वाक्य होतं.

अडकलेली बिलं निम्मी मिळाली. ती अट परत घालणारा पॅच आम्हीच त्यांना बैठकीत दिला होता. तो आत गेला, पण खाली नाव त्यांच्या इंजिनियरचं आहे. त्याच्या फिक्सेस ओळीत (कुठली चूक दुरुस्त केली ते सांगणाऱ्या) ज्या कमिटचा हॅश आहे, त्याच्याखाली अजून आमचं नाव दिसतं. मी दोनदा लिहिलं. इतिहास बदलता येत नाही, असं उत्तर आलं. ते खरं आहे, पण खुलाशाची एक ओळ दुरुस्तीच्या कमिटमध्ये लिहिता आली असती.

सध्या मॅडमकडून केसीएसचा पाच पॅचांचा संच आलाय, तिसरी आवृत्ती. भागीदार चौथ्या पॅचवर अडलाय, त्याला तिथला टायमर उशिरा थांबतोय असं वाटतं. आजोबांवर रात्रभर कोल्ड रीसेट लावून ठेवलेत, सकाळी लॉग बघू.