भिंतीपलीकडून ऐकणारा राक्षस

रात्रीचे दीड वाजलेत, कान पार थकलेत, पण हे आत्ताच लिहून ठेवते कारण सकाळी उठल्यावर हा विचार असाच्या असा हाताशी राहत नाही. पुस्तकांतल्या राक्षसांवर डार्क म्युझिकचा अल्बम करतेय, त्यातल्या फ्रँकेन्स्टाइनवाल्या ट्रॅकचा मधला भाग आज एकदाचा बसला.

पुस्तक परत वाचायला घेतलंय, त्यात ते प्रकरण आलं जिथे तो प्राणी (पुस्तकात त्याला नावच नाहीये, फ्रँकेन्स्टाइन हे त्याला बनवणाऱ्याचं नाव) एका झोपडीला लागून असलेल्या खोपटात लपून राहतो. भिंतीला बारीकशी फट आहे, तिला डोळा लावून तो पलीकडच्या माणसांना बघत बसतो, बोलायला तिथेच शिकतो, वाचायलाही तिथेच. आणि त्या घरातला आंधळा म्हातारा गिटार वाजवतो, ती ऐकून हा आतून हलतो. सिनेमांनी त्याला नुसता गुरगुरणारा धिप्पाड गडी करून टाकला, पुस्तकातला मात्र मिल्टनचं पॅरडाइज लॉस्ट वाचतो आणि आपल्या बनवणाऱ्यासमोर उभा राहून असं काही बोलतो की उत्तर देणं अवघड व्हावं. मला यात सगळ्यात जास्त काय लागलं तर हे, की तो आधी ऐकणारा आहे. आपण डार्क म्युझिक करणारे सगळे राक्षसाचा आवाज शोधत बसतो, त्याला काय आणि कसं ऐकू येत असेल हे कुणी विचारतच नाही.

मग भिंतीचाच विचार केला. भिंत आवाजाचं काय करते तर वरच्या फ्रिक्वेन्सी अडवते आणि खालच्या जाऊ देते, शेजारच्या खोलीत गाणं लागलं असेल तर बास पोचतो आणि शब्द पोचत नाहीत ते म्हणूनच. म्हणजे सरळ लो-पास फिल्टर! गिटारची एक साधी ओळ वाजवून घेतली, कटऑफ (जिथून वरचं कापलं जातं ती जागा) ४०० हर्ट्झला आणला, रेझोनन्स (त्या जागेपाशी आवाज फुगवणं) जवळजवळ शून्य, आणि ती इतकी बुजलेली ऐकू यायला लागली की आपोआप मान पुढे जाते, नीट ऐकावंसं वाटतं, तेच तर पाहिजे होतं. त्याच्याखाली सिंथचा बास, दोन ऑसिलेटर (सिंथमध्ये सूर तयार करणारे भाग), एक ५५ हर्ट्झ आणि दुसरा ५५.५, दोघांत अर्ध्या हर्ट्झचा फरक असल्यामुळे खालचा सूर दर दोन सेकंदांनी एकदा फुगतो आणि बसतो, कुणीतरी श्वास रोखून बसलंय असं वाटतं. हा बास गिटारची ओळ दोन बार (तालाची आवर्तनं) उशिरा म्हणायचा प्रयत्न करतो, आधी चुकीचे सूर, मग थोडे बरोबर, शेवटी जवळपास तीच ओळ. तो शिकतोय हे ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे, शब्दाशिवाय.

पुढे म्हातारा एकटा असताना वाजवायचं थांबवतो, गिटार बाजूला ठेवतो आणि हा जाऊन दार ठोठावतो. ठोठावणं म्हणजे किक (ड्रमचा जाड ठोका), कोरडी, मागे काहीच नाही. इथे मी थोडं स्वातंत्र्य घेतलंय, गिटार थांबवली नाही, उलट फिल्टर सोळा बारमध्ये हळूहळू उघडत नेला, पार वरपर्यंत, तारेवरून बोट सरकल्याचा आवाजसुद्धा ऐकू येईल इतका. अख्ख्या ट्रॅकमध्ये तेवढीच एक उजेडाची जागा आहे. मग म्हाताऱ्याचा मुलगा घरी येतो आणि याला काठीने बडवून काढतो. तिथे फिल्टर हळूहळू बंद करायचा मोह होतो, सगळे तेच करतात, पण मी गिटार एका क्षणात तोडून टाकली, फेड (आवाज हळूहळू विरवणं) नाही काही नाही, आणि मागे फक्त तो ५५चा हेलकावा चालू राहतो.

तोडण्यावरून आठवलं, ड्रम्सपण तसेच ठेवलेत. ऑडिओ क्लिप लाटेच्या मधेच कापली की टक् असा क्लिक येतो, म्हणून कडेला छोटा फेड देतात. मी वेगवेगळ्या रेकॉर्डिंगचे तुकडे, दार, साखळी, लाकूड, कुणाचा तरी खोकला, फेड न देता जोडलेत आणि ते क्लिक मुद्दाम ठेवलेत. टाके दिसले पाहिजेत त्याच्या अंगावरचे.

एकूण आता मला पक्कं वाटायला लागलंय की राक्षसाचा नुसता मूड उचलला की ऑर्गन, ढगांचा गडगडाट आणि किंकाळीचं सॅम्पल, यापलीकडे गाडी जात नाही. पुस्तकात तो कसा बांधलाय ते उचललं की साउंड स्वतःच सुचत जातो. ड्रॅक्युलाचंच बघ ना (१८९७चं पुस्तक), ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात पाहुणा आलेला हार्कर दाढी करत असतो, काउंट ड्रॅक्युला येऊन मागे उभा राहतो आणि आरशात तो दिसतच नाही. आता रिव्हर्ब म्हणजे तरी काय, भिंतींवरून परत आलेला आवाजच ना, म्हणून त्या ट्रॅकमध्ये सगळ्या वाद्यांना मोठ्या दगडी हॉलचा रिव्हर्ब आहे आणि एका आवाजाला अजिबात नाही. तो एकच सूर सगळ्यांच्या मधे असूनही त्या हॉलमध्ये नाहीच असं वाटतं, कानाशी येऊन उभा राहिल्यासारखा. माझ्या मते आत्तापर्यंत केलेल्यातली ही सगळ्यात भीतीदायक गोष्ट आहे, आणि व्हॉल्यूम तर कमीच आहे.

हाइडचं (डॉ. जेकिल औषध पिऊन ज्याच्यात बदलतो तो दुष्ट माणूस) अजून बाकी आहे. त्याला सगळे अजस्र बास देतात पण १८८६च्या पुस्तकात हाइड जेकिलपेक्षा लहानखुरा आहे, जेकिलचे कपडे त्याला ढगळ होतात, चालणंही हलकं. म्हणून जेकिलची चाल तीच ठेवायची, तिचा खालचा भाग हाय-पासने काढून टाकायचा आणि जरा जास्त वेगात, पातळ, टोचेल अशी वाजवायची.

अल्बमची सुरुवात मात्र ठरली, नुसता पिंक नॉइज (सगळ्या फ्रिक्वेन्सी मिळून होणारी खरखर), पावसासारखा, एक-दीड मिनिट. १८१५ला तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या राखेने १८१६चा युरोपातला उन्हाळा गार आणि पावसाळी गेला, जिनिव्हा तळ्याकाठी फ्रँकेन्स्टाइन लिहिणारी मेरी शेली आणि तिच्यासोबतची मंडळी घरात अडकली, भुताच्या गोष्टी रचायचं ठरलं आणि त्यातून अठरा वर्षांच्या मेरीला हा प्राणी सुचला. १८१८ला पुस्तक आलं तेव्हा त्यावर तिचं नावही नव्हतं. त्या पावसावर किक नको, मेलडी नको, लोक कंटाळून पुढे ढकलतील असं वाटलं तरी नको. उद्या आधी तो नॉइज स्टिरिओमध्ये थोडा पसरवायचा आणि मग हाइडला हात लावायचा.