अकराचा चहा

जुलै लागला आणि दुकानातली गर्दी एकदाची ओसरली. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात, वह्यापुस्तकांच्या बाजारात, जूनमधे ज्यांनी पाय ठेवलाय त्यांना वेगळं सांगायला नको, हातात शाळेच्या याद्या घेतलेले आईबाप, वह्यांचे गठ्ठे, खाकी कव्हरचे रोल, आणि प्रत्येकाला आधी माझंच बिल करा असं वाटत असतं. त्या दिवसांत चहा दुकानातच येतो, पोरगं तारेच्या स्टँडमधे ग्लास अडकवून आणतं, कुणीतरी माझा ग्लास कॉम्प्युटरशेजारी ठेवून जातं आणि मी बिल करता करता तो कधीतरी पोटात ढकलते. गरम होता की गार झाला होता तेही आठवत नाही नंतर.

आज बऱ्याच दिवसांनी अकराला बाहेर पडले. गोडाऊनचे काका म्हणाले, "चल गं, जरा पाय मोकळे करू," आणि आम्ही भुरभुर पावसात छत्री न उघडताच गल्लीतल्या अमृततुल्यात गेलो.

मला ते चहा करताना बघायला इतकं आवडतं ना. मालक उंच ओट्यावर मांडी घालून बसलेले असतात, पुढ्यात शेगडी, तिच्यावर पितळी पातेलं, आतून काळं पडलेलं आणि बाहेरून घासून लख्ख केलेलं. बाजूला छोटा खलबत्ता. दूध, पाणी, साखर, पावडर सगळं अंदाजानेच पडतं, हात कुठे थांबत नाही, मग वेलदोडा आणि आलं ठेचून वरून टाकतात आणि ओगराळ्याने चहा वर उचलून पुन्हा आत सोडत राहतात, उतू जायला आला की गॅस बारीक, खाली बसला की पुन्हा मोठा. आज त्यांनी ओगराळ्यातला थोडासा चहा तळहातावर घेतला, चाखला, आणि अजून थोडं आलं कुटलं. मग फडक्यातून किटलीत गाळला आणि सांडशीने फडकं पिळून शेवटचा थेंबसुद्धा काढला. "पाऊस आहे ना ताई, म्हणून आज आलं जरा जास्त." घशाखाली उतरताना ते बरोबर जाणवलं.

पुण्यातली जुनी अमृततुल्यं बहुतेक राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण घरांची, दवे, ओझा, त्रिवेदी अशी आडनावं. हे मालकही तिकडचेच. आमच्याशी अस्सल पेठेतलं मराठी बोलतात आणि गावाकडून फोन आला की मारवाडीत सुरू होतात, ओगराळं तोवर चालूच. मला त्यातलं फारसं कळत नाही पण "पाणी पडलं का" असं काहीतरी विचारत असावेत असं वाटतं, कारण विचारताना बाहेर रस्त्याकडे बघतात.

काही लोक म्हणतात एवढा उकळून चहाची वाट लावतात. दार्जिलिंगच्या पानाला हे लागू असेल, ते पान नाजूक, त्यावर गरम पाणी ओतून झाकून ठेवावं आणि दूध घालूच नये. पण आपल्याकडे मिळते ती दाणेदार सीटीसी पावडर. आसाममधे १९३० च्या सुमारास हे मशीन निघालं, त्यात पान चिरडून, फाडून त्याचे बारीक गोळे वळतात, त्यामुळे रंग आणि कडकपणा झटकन उतरतो. असा चहा नुसत्या पाण्यात प्यायला तर जीभ आखडते. दूध घातलं की दुधातली प्रथिनं त्या तुरट टॅनिनला धरतात आणि तोच चहा गोल लागायला लागतो. म्हणजे उकळणं, दूध, साखर हे सगळं त्या पावडरीला शोभणारंच आहे, आणि ज्यांनी हे हाताने, चवीने शोधून काढलं त्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

चहा तर मी सकाळी उठल्यावरही घेते, पण तो एका हातात डबा आणि डोळे घड्याळाकडे असा. संध्याकाळचा दमून घेतलेला असतो, त्याच्याबरोबर काहीतरी खायला लागतंच, पाव, खारी, बटर, जे असेल ते. अकराचा तसा नाही. पोटात अजून नाश्ता आहे, झोप उडालेली आहे, दिवसाची अर्धी कामं हातावेगळी झालेली आहेत. त्याची गरज अशी काहीच नसते आणि म्हणून तो फक्त चवीसाठी प्यायला जातो. मला वाटतं म्हणूनच तो अर्धाच लागतो. मुंबईत कटिंग, आमच्याकडे हाफ, आणि माझी मावसबहीण बंगळूरला असते तिच्या ऑफिसखालच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्याउभ्या खायच्या छोट्या हॉटेलात, दोघी मिळून "बाय टू" कॉफी सांगतात, एक फिल्टर कॉफी दोन ग्लासात. तिच्याकडे गेले होते तेव्हा मीही प्यायले, चिकोरीचा तो किंचित कडू वास आणि वर फेस, आणि भोवती सगळे उभे, कुणाच्याच खांद्यावरची बॅग उतरलेली नाही. इथल्यासारखंच.

आधीच्या नोकरीत चहाचं मशीन होतं. बटण दाबायचं, कागदी कप भरायचा आणि डेस्कवर येऊन स्क्रीनकडे बघत प्यायचा, कुणी पाच मिनिटं जास्त उभं राहिलं की वरून मेसेज यायचा. चहा फुकट होता, कितीही प्या. तरी मला तिथे चहा प्यायल्यासारखं कधी वाटलं नाही. इथे खिशातले पैसे जातात पण दहा मिनिटं मी कुणाची नसते, बिलाची नाही, स्टॉकची नाही, फोनचीही नाही, कारण एका हातात कप, दुसऱ्यात बशी.

काका अजून बशीतूनच पितात. बशी अगदी ओठांशी नेतात, एकदा फुंकर घालतात आणि मग सावकाश ओढतात, तो आवाज होतो त्याचं त्यांना काही वाटत नाही आणि मलाही वाटत नाही. आज म्हणाले, मी या गल्लीत कामाला लागलो तेव्हा इथे बायका चहाला यायच्याच नाहीत. मी विचारलं, मग कुठे प्यायच्या? काका म्हणाले, "कुठे म्हणजे? दुकानात आतल्या बाजूला, किटली यायची ना."

ते डोक्यात राहिलं आणि रात्री आईला फोनवर विचारलं. आई सरकारी ऑफिसात नोकरी करून रिटायर झाली. ती म्हणाली, अगं शिपाई चहा टेबलावर आणून द्यायचा, साहेब लोक खाली टपरीवर जाऊन यायचे आणि आम्ही बायका जागेवरच, फायलीवर थेंब पडू नये म्हणून कपाखाली कागद ठेवून. खाली जावंसं वाटायचं का तुला? तर जरा थांबली आणि म्हणाली, "वाटायचं की. ते वर यायचे तेव्हा किती हसत असायचे."

मला एकदम भरून आलं. इतक्या वर्षांत तिने हे कधी बोलून दाखवलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

शनिवारी तिला अकराला दुकानावर बोलावलंय. म्हणाली, बसायला जागा आहे का, माझे गुडघे माहितीयेत ना तुला. आहे, आत भिंतीला लागून बाकडं आहे, थकलीस तर बस. पण आधी तिला ओट्याजवळ उभी करणार आहे, आलं कुटतात तिथे, आणि दोन हाफ सांगणार आहे. काकांनाही सांगून ठेवलंय, त्या दिवशी गोडाऊनला दहा मिनिटं उशिरा गेलं तरी चालेल.